हिरव्या कंपन्यांत पैसे घालण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोलीत माझी प्राप्तिकराची विवरणपत्रे भरण्याची छोटी कचेरी आहे. कागद सही होईपर्यंत समोरचा माणूस काहीतरी विचारतोच. गेली काही वर्षे त्यात हा विषय सारखा येतो: खाणींच्या तालुक्यात राहून निदान आपले पैसे तरी स्वच्छ धंद्यात असावेत. व्हॉट्सअॅपवर आलेले प्रश्न धरून ही यादी केली आहे. मी फंड विकत नाही, त्यामुळे मला कुणाचे कमिशन नाही. कुठला शेअर घ्यावा हे मात्र इथे सापडणार नाही.

१. पर्यावरणपूरक कंपनी म्हणजे नेमकी कुठली? सोलरवालीच ना?

तीन तऱ्हेच्या कंपन्यांना हा एकच शब्द लावतात. पहिली, जिचा धंदाच त्या कामाचा: सौर पॅनल, पवनचक्की, सांडपाण्याचे शुद्धीकरण, भंगाराचा पुनर्वापर. दुसरी, जिचा धंदा नेहमीचा पण मुळातच धूर कमी: बँक, सॉफ्टवेअर. तिसरी, जी आज भरपूर धूर सोडते पण कमी करण्याचा कार्यक्रम जाहीर करून बसली आहे: सिमेंट, पोलाद. माझ्याकडे येणाऱ्यांच्या मनात बहुतेकदा पहिली असते आणि हातात पडते दुसरी. ते का, ते प्रश्न ५ मध्ये.

२. मी शेअर घेतला म्हणजे माझे पैसे त्या कंपनीला मिळाले ना?

नाही. बाजारात घेतलेल्या शेअरचे पैसे तो विकणाऱ्याला मिळतात, कंपनीला एक रुपयाही जात नाही. तुमचे पैसे थेट कंपनीकडे जातात ते आयपीओत (कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते तेव्हा) नव्याने काढलेल्या शेअरांत, हक्कभागात (आधीच्या भागधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरांत) किंवा कंपनीने नव्याने काढलेल्या रोख्यांत, म्हणजे कर्जाच्या कागदांत.

गोव्यातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. कोमुनिदादीचा, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचा, गावकार वर्षाचा झोण (लाभांश) घेतो तो मालकीतल्या वाट्यामुळे, त्या वर्षी त्याने शेतात पैसे घातले म्हणून नव्हे. शेअरचेही तसेच. मग उपयोग काय? भागधारक म्हणून मत देता येते, सभेत प्रश्न विचारता येतो, आणि मागणी वाढली तर कंपनीला पुढचे भांडवल स्वस्तात उभारता येते. हा परिणाम खरा आहे, पण दुरून होणारा. पैसा सरळ कामाला लागावा अशी इच्छा असेल तर रोखे पाहा (प्रश्न ४).

३. आम्ही एफडीवाली माणसे. हिरवी एफडी असते का?

असते. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे. अशा ठेवीचा पैसा बँकेने अक्षय ऊर्जा, स्वच्छ वाहतूक, पाणी व्यवस्थापन अशा ठरलेल्या कामांनाच कर्जाऊ द्यायचा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करायचा. इतर ठेवींसारखेच पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण मिळते.

व्याज जास्त मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. स्टेट बँकेने जानेवारी २०२४ मध्ये ११११, १७७७ आणि २२२२ दिवसांची हरित ठेव आणली तेव्हा दर नेहमीच्या ठेवीपेक्षा ०.१० टक्क्याने कमीच ठेवला होता. पाच लाखांवर वर्षाला पाचशे रुपये. ते सोसायचे की नाही, तुमचे तुम्ही ठरवा.

४. सरकारचे हरित रोखे सामान्य माणसाला घेता येतात का?

येतात. केंद्र सरकारने २५ जानेवारी २०२३ ला पहिल्यांदा ८,००० कोटींचे आणि फेब्रुवारीत तेवढ्याच रकमेचे हरित रोखे काढले. पाच वर्षांच्या रोख्याचा व्याजदर ७.१० टक्के आणि दहा वर्षांच्याचा ७.२९ टक्के ठरला. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट संकेतस्थळावर खाते उघडून लिलावात दहा हजारांपासून भाग घेता येतो. खात्याला शुल्क नाही.

पैसा कुठे जातो ते सरकारच्या चौकटीत लिहिलेले आहे. त्यात अणुऊर्जा आणि २५ मेगावॅटहून मोठे जलविद्युत प्रकल्प बसत नाहीत. अडचण बाहेर पडताना येते. मुदतीआधी विकायचे म्हटले तर छोट्या रकमेला गिऱ्हाईक लवकर मिळत नाही, म्हणून मुदतीपर्यंत ठेवता येईल तेवढेच घाला.

नगरपालिकांचेही असतात. इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी ८.२५ टक्क्यांनी २४४ कोटींचे रोखे लोकांकडून उभे केले. व्याज जास्त, कारण हमी केंद्राची नाही.

५. ईएसजी फंड घेतला. यादी उघडली तर सगळ्या बँका आणि आयटी कंपन्या. फसवले का मला?

फसवले असे नाही म्हणता येणार, पण कुणी समजावलेही नाही. गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षिका फंडाचे पत्रक घेऊन आल्या. पहिल्या पानावर हिरवी पाने, दवबिंदू, डोंगर. मागच्या पानावर बारीक अक्षरात यादी: एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, इन्फोसिस. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि विचारले, "यात झाड कुठे आहे?"

झाड नव्हते, कारण फंडाने ते कबूल केलेच नव्हते. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्हींचे एकत्र गुण. बँकेला धुराडे नसते, त्यामुळे पर्यावरणात तिचे गुण आपोआप बरे येतात. शिवाय निफ्टीतच, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या शेअर निर्देशांकातच, या कंपन्यांचे वजन मोठे. निफ्टी १०० ईएसजी निर्देशांक तंबाखू, मद्य, जुगार आणि वादग्रस्त शस्त्रास्त्रे वगळतो. मांडवीतले कॅसिनो ज्यांना खुपतात त्यांना एवढे समाधान मिळेल. पण वगळणे वेगळे आणि सौरऊर्जेत पैसा लावणे वेगळे.

सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने जुलै २०२३ मध्ये ईएसजी फंडांचे सहा प्रकार ठरवले: काही धंदे वगळणारा, इतर निकषांत ईएसजी मिसळणारा, आपापल्या क्षेत्रातल्या सरस कंपन्या निवडणारा, प्रत्यक्ष परिणाम साधणारा, शाश्वत उद्दिष्टांचा आणि संक्रमणातल्या कंपन्यांचा. प्रकार फंडाच्या नावातच यायला हवा, आणि किमान ८० टक्के पैसा त्याच धोरणाने गुंतवायला हवा. तेव्हा पानाफुलांचे चित्र सोडा, नाव पूर्ण वाचा आणि सरळ मागच्या पानावर जा.

६. मग ईएसजी रेटिंग नक्की मोजते तरी काय?

बऱ्याच रेटिंगमागचा मुख्य प्रश्न असा असतो: पर्यावरण, कामगार किंवा कारभार यांमुळे या कंपनीच्या नफ्याला उद्या किती धोका आहे? कंपनीमुळे नदीला किती धोका आहे, हा प्रश्न निराळा. दोन्हींची उत्तरे कधी जुळतात, कधी उलटी येतात.

मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० च्या ईएसजी निर्देशांकातून टेस्ला बाहेर गेली आणि एक्सॉनमोबिल आत राहिली. विजेच्या गाड्या बनवणारी बाहेर, तेल काढणारी आत. कारण टेस्लाचे गुण कामगारविषयक तक्रारींवर आणि अपघातांच्या हाताळणीवर गेले. शिवाय तुलना ज्याच्या त्याच्या उद्योगात होते, म्हणजे तेलवाली इतर तेलवाल्यांशी ताडली जाते. वर्गात पहिला आला, पण वर्ग कुठला ते पाहायचे राहून गेले, असा प्रकार.

७. कंपनी खरोखर स्वच्छ आहे का हे मी घरबसल्या कसे तपासू?

बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) नावाचा अहवाल शोधा. बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून तो सक्तीचा आहे. वार्षिक अहवालात असतो किंवा कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर सुटा मिळतो. पाने भरपूर, पण सगळी वाचायची नाहीत. नऊ तत्त्वांपैकी सहावे तत्त्व पर्यावरणाचे. थेट तिथे जा.

मी स्वतः चार गोष्टी पाहतो. पहिली, दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी असतात: वीज, पाणी, धूर, कचरा. एकूण आकड्यापेक्षा उलाढालीच्या प्रमाणातला आकडा बघा. उत्पादन घटले म्हणून पाणी कमी लागले, यात कौतुक कसले? दुसरी, संवेदनशील क्षेत्राचा तक्ता: अभयारण्य, पाणथळ, किनारपट्टीजवळ कंपनीचे काम आहे का आणि परवान्यांच्या अटी पाळल्या का. पश्चिम घाटात काम असलेल्या कंपनीचा हा तक्ता मी आधी उघडतो. तिसरी, पर्यावरण कायद्यांच्या उल्लंघनाचा रकाना. तिथे दंड, नोटिसा लिहाव्या लागतात. वृत्तपत्रात बातमी आलेली असून रकान्यात 'लागू नाही' दिसले की मी अहवाल मिटतो.

चौथी गोष्ट म्हणजे धुराचे तीन टप्पे. पहिला कंपनीच्या स्वतःच्या धुराड्याचा, दुसरा तिने विकत घेतलेल्या विजेचा, तिसरा तिच्या मालाचा आणि पुरवठादारांचा. मोटार कंपनीचा कारखाना सौरविजेवर चालेलही, पण तिच्या गाड्या रस्त्यावर जो धूर सोडतात तो तिसऱ्या टप्प्यात येतो, आणि तो देणे ऐच्छिक आहे. कोरा दिसला तर कंपनी खोटे बोलते असे नाही. पण चित्र अर्धे आहे एवढे धरून चला.

निवडक आकड्यांची बाहेरच्या माणसाकडून पडताळणी २०२३-२४ मध्ये पहिल्या दीडशे कंपन्यांपासून सुरू झाली आणि ती टप्प्याटप्प्याने खाली येते आहे. छोट्या कंपनीचा आकडा तिचा स्वतःचाच असू शकतो.

८. वडिलांच्या पेटीत खाण कंपनीचे जुने कागदी शेअर सापडले. ठेवू, विकू की फाडून टाकू?

फाडू नका! डिचोली, साखळी, कुडचडे भागात हा प्रश्न घरोघर आहे. माझ्याकडे आलेल्या एका पेटीत सर्टिफिकेटांच्या घडीत लाल माती होती, झटकली तर टेबलावर बारीक रेघ उमटली.

आधी व्यवहाराचे. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, ते डिमॅटमध्ये (शेअरच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात) आणावे लागतात. कंपनीचे नाव बदललेले असू शकते: जुनी सेसा गोवा २०१३ च्या विलीनीकरणानंतर सेसा स्टरलाइट झाली आणि २०१५ पासून वेदांत आहे. सलग सात वर्षे लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे गेलेले असतात. ते परत मागता येतात, वेळ लागतो. वडिलांच्या नावावर असतील तर वारसाचे कागद आधी (प्रश्न ११).

आता ठेवायचे की नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचे (खाणींच्या भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून त्या पुन्हा बंद पडल्या. आता लिलावाने सुरू होत आहेत. तुम्ही शेअर विकल्याने एकही ट्रक थांबणार नाही, तो दुसरा कुणी घेईल. पण तो लाभांश घरात नको वाटत असेल, तर तेवढे कारण पुरे आहे. गणित जुळवत बसू नका.

९. हिरव्या कंपनीत परतावा कमी मिळतो का?

कधी कमी, कधी जास्त. हिरवेपणाने किंमत योग्य ठरत नाही, एवढेच खात्रीने सांगतो.

पुण्याची पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन घ्या. जानेवारी २००८ मध्ये शेअर साडेचारशे रुपयांच्या वर होता. मार्च २०२० मध्ये दोन रुपयांच्या आसपास आला. वारा वाहायचा थांबला नव्हता. परदेशातल्या कंपन्या कर्ज काढून घेतल्या, जगात मंदी आली आणि २०१२ मध्ये परकीय रोख्यांची परतफेड चुकली. दुसरे उदाहरण इरेडाचे, अक्षय ऊर्जेला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२ रुपयांनी आयपीओ, ५० ला नोंदणी, जुलै २०२४ मध्ये ३१०, आणि पुढच्या वर्षभरात निम्म्याहून खाली. ३२ ला मिळालेला आणि ३१० ला घेतलेला, दोघेही 'हरित गुंतवणूकदार'च.

एकाच क्षेत्रावर चालणारा फंड असाच हलतो. सगळी बचत त्यात नको.

१०. बायकोच्या नावावर काही नाही, सगळे माझ्याच नावावर. कर मीच भरायचा ना?

गोव्यात बहुधा नाही, आणि माझ्या टेबलावर सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट हीच. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार ज्यांच्या लग्नात मालमत्तेची समाईकी आहे (नवराबायकोची मालमत्ता एकत्र मानतात), त्यांना प्राप्तिकराचे कलम ५ए लागू होते. पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे व्याज, लाभांश, भांडवली नफा, नवराबायकोत निम्मे निम्मे वाटले जाते, कागद कुणाच्याही नावावर असो. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ही तरतूद ठेवली आहे.

हिशेब करून पाहू. वर्षाहून जास्त ठेवलेला इक्विटी फंड विकून तुम्हाला २,४०,००० रुपये नफा झाला. सव्वा लाखापर्यंत सूट, वरच्या १,१५,००० वर साडेबारा टक्के, म्हणजे १४,३७५ रुपये कर आणि वर उपकर. कलम ५ए लागू असेल तर नफा दोघांत १,२०,०००, १,२०,००० असा वाटतो. दोघेही सूट मर्यादेच्या आत, कर शून्य. अर्थात दोघांचा इतर असा नफा नसेल तर.

इथे तीन अडचणी नेहमी येतात. आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही, ५ए ची अनुसूची असलेला फॉर्म लागतो, आणि पत्नीचे पॅन व विवरणपत्र हवे. लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार केलेला असेल तर वाटणी नाही. आणि सावंतवाडीहून येऊन म्हापशात फ्लॅट घेतला म्हणून कुणाला कलम लागू होत नाही, लग्न कुठल्या कायद्याखाली झाले ते पाहावे लागते. शंका असेल तर लग्नाच्या नोंदीचा उतारा घेऊन या.

११. डिमॅटला बायको नॉमिनी आहे. पुरे ना?

नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. समाईकी असेल तर निम्मा भाग बायकोचा आधीपासूनच. तुमच्या निम्म्यातला अर्धा सक्तीच्या वारसांचा, म्हणजे मुले असतील तर त्यांचा. मृत्युपत्राने तुम्ही देऊ शकता तो फक्त उरलेला. घरात वाद असेल तर प्रकरण इन्व्हेंटरीला (कोर्टातल्या वारसवाटणीच्या कामाला) जाते, आणि तिथे वर्षे जातात.

१२. मुलगा तारवटी (जहाजावर नोकरीला) आहे, सुनेकडे पोर्तुगीज पासपोर्ट. त्यांना हे सगळे घेता येईल का?

येईल, पण निवासी खात्यातून नाही. नोकरीसाठी बाहेर गेलेला माणूस परकीय चलन कायद्यात अनिवासी होतो. बचत खाते एनआरओ (अनिवासी माणसाचे रुपयांतले खाते) करायचे, केवायसी (ओळखीची नोंद) बदलायची, डिमॅट त्याप्रमाणे. ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाचे) असलेल्या सुनेलाही साधारण हीच वाट. नेहमीची चूक अशी: मुलगा जहाजावर आणि आई त्याच्या जुन्या ओटीपीवर त्याची एसआयपी चालवते आहे. करातल्या निवासाचे नियम वेगळे आहेत, ते यात मिसळू नका.

१३. शेअर कशाला, छपरावरच सोलर बसवू का?

मला विचाराल तर ज्यांचे बिल मोठे त्यांनी आधी हाच विचार करावा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तीन किलोवॅट किंवा जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. वाचलेल्या बिलावर कर लागत नाही, हा फायदा कुठल्याच फंडात नाही.

आता अडचणी. गोव्यात घरगुती वीज स्वस्त, त्यामुळे महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्याचे पैसे सुटायला फार वर्षे लागतात. जून ते सप्टेंबर उत्पादन पडते. मंगलोरी कौलांवर सांगाडा बसवताना कौले फुटतात, गळती लागते. आणि शेजारच्या भाटातला (बागायतीतला) माड: दुपारी तीनला त्याची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या रांगेची वीज घटते. आधी एक दिवस छपरावर सावली कशी फिरते ते बघा, मग कोटेशन मागवा.

१४. मोलेच्या जंगलातून जाणारी वीजवाहिनी हरित प्रकल्प म्हणायची का? अशा कंपनीत पैसे घालावे का?

सगळ्यांत अवघड प्रश्न हा. सौर आणि पवनऊर्जा वाहून न्यायला वाहिन्या लागतातच, म्हणून जगभर त्यांची गणती हरित कामात होते. तीच वाहिनी मोलेच्या भगवान महावीर अभयारण्यातून गेली तर झाडे तोडून जाते. २०२० मध्ये मोलेसाठी लोक रस्त्यावर उतरले ते वाहिनी, महामार्ग आणि रेल्वे दुपदरीकरण या तिन्हींविरुद्ध. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारिता समितीने २०२१ मध्ये वाहिनीसाठी आधीच्याच वाहिनीचा पट्टा वापरण्याची शिफारस केली.

थोडक्यात, वाहिनी हवी हे मान्य करूनही ती कुठून न्यावी हा वाद उरतो, आणि कुठलेही रेटिंग तो सोडवत नाही. अर्थ मंत्रालयाने मे २०२५ मध्ये हवामान वित्ताच्या वर्गीकरणाचा मसुदा काढला. अशा याद्यांतून 'काय' हे कळेल, 'कुठून' हे नाही. मी प्रश्न ७ मधला संवेदनशील क्षेत्राचा तक्ता पाहतो आणि तिथल्या पंचायतीच्या ग्रामसभेत काय झाले ते विचारतो. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

१५. एक मनुष्य झाडे लावण्याची स्कीम सांगतो. लाखाला महिना दोन हजार, शिवाय पर्यावरणसेवा. घालू?

नको. नव्वदच्या दशकात सागवानाच्या बागांच्या अशाच योजना देशभर बुडाल्या. रोप दाखवायचे, वीस वर्षांनी लाखो मिळतील म्हणायचे. त्यानंतर सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले. लोकांचे पैसे एकत्र करून अशी बाग चालवायची तर नोंदणी लागते. तो नंबर मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. त्याने दाखवलेल्या कागदावर नको. सागवानाचे झाड महिन्याला दोन हजार देत नाही, मग ते पैसे कुणाचे, हेही विचारा.

नोंदणी असलेल्या फंडाची किंवा दलालाची तक्रार आधी त्यांच्याकडे, मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर. ऑनलाइन पैसे पाठवून बसला असाल तर मला नंतर फोन करा, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर करा. आणि व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा, तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात.